अडवलं की लगेच परत: फॉइलमधली पॅरी-रिपोस्ट घोटवायची कशी

तलवारबाजीतल्या माझ्या पहिल्या सराव-सामन्यात मी पाच गुण गमावले. त्यातल्या तीन वेळा समोरच्या मुलीचा वार मी आधी अडवला होता. पात्यावर पातं लागल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला होता. तरी तिचं टोक पुन्हा आलं, छातीला लागलं आणि दिवा तिच्या बाजूचा पेटला. सरांनी एवढंच विचारलं, "अडवलंस ना? मग थांबलीस कशाला?"

मी गोव्यातल्या डिचोलीची. तलवारबाजी शिकायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, म्हणजे या खेळाच्या हिशोबाने उशीरच. नोकरी सांभाळून आठवड्यातून तीनदा म्हापशाला जायचे, उरलेले दिवस घरासमोरच्या अंगणात आतेबहिणीला पकडून सराव. २०२३ साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात तलवारबाजीही होती. तेव्हापासून ओळखीतली बरीच मुलं आणि त्यांचे पालक विचारतात की सुरुवात कशी करायची. पावलं टाकणं, लंज (पुढचा पाय लांब टाकून केलेला वार) मारणं हे कुठेही नीट शिकवतात. गोंधळ होतो तो वार अडवून उलट वार करण्यात, म्हणजे पॅरी आणि रिपोस्टमध्ये. मला हे समजायला जवळजवळ वर्ष गेलं, तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून लिहिते आहे. इथलं सगळं उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आणि फॉइल, एपे, सेबर या तीन हत्यारांतल्या फॉइलसाठी आहे.

१. आधी नियम डोक्यात बसवा

फॉइलमध्ये फक्त धडावर लागलेला वार धरतात. दोघांचेही दिवे एकदम लागले तर गुण कोणाला, हे पंच ‘हक्क’ बघून ठरवतो. ज्याने आधी हात लांब करून टोकाने धडाला धोका दिला, हक्क त्याचा. तुम्ही त्याचं पातं नीट अडवलंत की हक्क तुमच्याकडे येतो, पण तो लगेच वापरावा लागतो. अडवून रेंगाळलात आणि समोरच्याने तिथूनच पुन्हा टोक पुढे घातलं, तर हक्क परत त्याच्याकडे जातो.

दिवे लावणाऱ्या यंत्राचीही गंमत समजून घ्या. फॉइलच्या यंत्रात पहिला वार लागल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी दुसऱ्याची नोंद बंद होते. म्हणजे त्याचा दुसरा वार आधी लागला आणि तुमची रिपोस्ट या वेळेनंतर पोचली, तर तुमचा दिवा लागतच नाही. पंचाला ठरवायला काही उरत नाही. माझे ते तीन गुण असेच गेले होते.

एपेत हक्काचा नियमच नाही आणि सगळं अंग लक्ष्य असतं, त्यामुळे तिथे समोरच्याचं पातं दाबून धरूनच रिपोस्ट मारणं शहाणपणाचं. सेबरमध्ये कंबरेच्या वरचा भाग धरतात, पात्याच्या धारेचा वारही चालतो आणि पॅरी वेगळ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेली भवानीदेवी सेबरची, त्यामुळे पुष्कळ मुलांना सेबरच हवं असतं. जरूर घ्या. फक्त खालचे सराव जसेच्या तसे तिथे लागू करू नका.

२. सामान आणि कागद

मास्क, जाकीट, जाकिटाच्या आत घालायचा प्लास्ट्रॉन (हत्याराच्या हाताकडची काख आणि बरगडी झाकणारा), हातमोजा, गुडघ्याखाली जाणारी पँट, लांब मोजे. मुलींना छातीचं कडक कवच लागतंच. बूट बॅडमिंटनचे चालतील, जाड टाचेचे धावण्याचे बूट नकोत, घोटा मुरगळतो. फॉइल मोठ्यांसाठी पाच नंबरचं, म्हणजे पातं ९० सेंटिमीटरचं. लहान मुलांना आखूड पातं मिळतं, ते वापरा. सरावाला विजेचं फॉइल लागत नाही, टोकाला रबरी बोंडी असलेलं साधं पुरतं.

पहिले तीन-चार महिने काही विकत घेऊ नका. बहुतेक ठिकाणी सरावाला सामान मिळतं. पहिली खरेदी हातमोज्याची करा, कारण दुसऱ्याचा ओला हातमोजा घालणं हा गोव्याच्या दमट हवेत खरोखर त्रास आहे. दुसरी खरेदी मास्कची. जुना मास्क घेताना जाळीवर कुठे खड्डा पडलाय का ते अंगठ्याने दाबून बघा. जाळी आत जात असेल तर तो मास्क फुकटही नको.

स्पर्धेत उतरायचं असेल तर जन्मदाखला, आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, शाळा-कॉलेजचा बोनाफाईड आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा. सतरा आणि वीस वर्षांखालचे वयोगट असल्यामुळे जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव, तारीख जुळतेय का ते आत्ताच बघा. ऐनवेळी दुरुस्तीला वेळ पुरत नाही.

आणि एक नियम, ज्याला अपवाद नाही: सराव कितीही सावकाश असो, समोरासमोर पातं उचललं की मास्क तोंडावर. "फक्त दाखवते" म्हणतानाही.

३. हात किती हलवायचा

आमच्याकडे डिचोली-सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणी असते. कंबरेला लाकडी घोडा, हातात नंगी तलवार आणि ढोल-ताशाच्या तालावर ती तलवार डोक्यावर फिरते. लहानपणापासून मी तेच बघितलं होतं, त्यामुळे तलवार म्हणजे मोठा हात असं अंगात बसलेलं. फॉइलची पॅरी याच्या अगदी उलट. हात वीतभरसुद्धा सरकत नाही.

पवित्र्यात उभे राहा, कोपर बरगडीपासून वीतभर पुढे, मूठ छातीच्या खालच्या टोकाच्या उंचीवर, फॉइलचं टोक समोरच्याच्या खांद्याकडे. आता आपल्या धडाचे चार भाग कल्पा: वरचे दोन, खालचे दोन. प्रत्येक भागाला एक पॅरी.

पॅरी फोर: वरचा, छातीकडचा भाग. मूठ आडवी डावीकडे सरकते, टोक समोरच्याच्या अंगावरून ढळत नाही.
पॅरी सिक्स: वरचा, पाठीकडचा भाग. मूठ उजवीकडे, तळवा किंचित आभाळाकडे.
पॅरी एट: खालचा, पाठीकडचा भाग. मूठ जागच्या जागी, टोक अर्धवर्तुळात खाली.
पॅरी सेव्हन: खालचा, पोटाकडचा भाग. टोक तसंच खाली, पण आतल्या बाजूला.

फ्रेंच नावं कार्त, सिक्स्त, ओक्ताव, सेप्तिम. पंच आणि जुने प्रशिक्षक ती वापरतात, कानावर असू द्या. पहिले दोन महिने फक्त फोर आणि सिक्स. तिसरी पॅरी शिकायची घाई झाली की तिन्ही कच्च्या राहतात.

अडवायचं पात्याच्या कुठल्या भागाने? आपल्या पात्याचा मुठीजवळचा जाड तिसरा हिस्सा समोरच्याच्या टोकाकडच्या बारीक हिस्स्यावर यायला हवा. त्याचं टोक लवचीक, तुमचा भाग ताठ, त्यामुळे जोर लागत नाही. तुम्हाला जोर लावावा लागतोय याचा अर्थ बहुतेक वेळा तुम्ही आपल्या टोकाने त्याचा जाड भाग ढकलताय.

हे कळायला आवाज हा सगळ्यात चांगला गुरू. जमलेल्या पॅरीचा आवाज एकच असतो, छोटा, कोरडा, स्टीलच्या पेल्यावर नखाने टिचकी मारल्यासारखा. बिघडलेली पॅरी घासते, खर्रकन लांबलचक आवाज येतो. अंगणात सराव करताना माझी आजी सोप्यावर बसलेली असायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं, पण आठवडाभरात ती आवाजावरून सांगायला लागली, "हे बरं झालं, हे नाही झालं." दहातले नऊ वेळा तिचं बरोबर असायचं.

४. वार करणाऱ्या जोडीदाराचं काम

इथे जरा थांबते, कारण सराव फुकट जातो तो इथेच. आपण समजतो की शिकतोय तो अडवणारा, दुसरा नुसता हात पुढे करतोय. तसं नसतं. जोडीदार खोटा वार करायला लागला तर तुमचा हात खोटी पॅरी शिकतो.

खोटा वार म्हणजे काय? जोडीदाराला माहीत असतं की तुम्ही फोर करणार. मग नकळत तो टोक तुमच्या छातीवर न आणता तुमच्या पात्याच्या दिशेनेच आणतो, म्हणजे आपटायला सोपं. किंवा लंज मुद्दाम आखूड मारतो, लागू नये म्हणून. तुम्ही दोनशे वेळा अडवता, खूश होता आणि सामन्यात पहिल्याच खऱ्या वाराला हात हवेत फिरतो. माझी आतेबहीण प्रेमापोटी हेच करायची, मला लागेल म्हणून. आम्हाला ते महिनाभर कळलं नाही.

यावर उपाय सोपा आहे. दर पाच वारांतला एक वार अडवायचाच नाही, नुसतं उभं राहायचं. टोक जाकिटावर नीट येऊन पातं वर वाकलं तर वार खरा. टोक बाजूने निघून गेलं किंवा चार बोटं आधीच थांबलं तर जोडीदाराला सांगा. जोडीदाराने एवढ्या तीन गोष्टी पाळायच्या: आधी हात लांब, मग पाऊल, टोक धडावर, आणि वार अडवला गेल्यावर क्षणभर तिथेच राहून रिपोस्ट अंगावर घ्यायची, लगेच मागे पळायचं नाही. मागे पळणं पुढच्या टप्प्यात येतं.

दर दहा वारांनी भूमिका बदला. वार करून दिल्यावर समोरून पॅरी कशी दिसते ते कळतं, आणि मग तुमचीही सुधारते.

५. सरावाचा क्रम

पहिली पायरी, उभ्याने. दोघे एकमेकांपासून हात लांब केला की टोक लागेल एवढ्या अंतरावर. जोडीदार सावकाश हात लांब करून छातीकडच्या भागावर येतो, तुम्ही पॅरी फोर करता आणि गोठता. मूठ कुठे आहे? टोक समोरच्याच्या अंगावर आहे ना? कोपर बाहेर गेलंय का? बघा, सोडा. असं दहादा.

दुसरी पायरी, गोठणं बंद. टिचकी वाजली की त्याच क्षणी हात लांब. इथे घुमटाचा, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या तालवाद्याचा, ताल मला फार उपयोगी पडला. घुमटावर जाड आणि बारीक बोल कसे एकाला लागून एक येतात, मध्ये श्वास घ्यायला जागा नसते, तसे ‘टक्-धं’. टक् म्हणजे पॅरी, धं म्हणजे रिपोस्ट. तोंडाने म्हणत करा. मध्ये पोकळी राहिली की जीभच सांगते. अडवणं आणि परतवणं ही दोन कामं आहेत असं मनातून काढून टाका, हाताच्या एकाच हालचालीची ती दोन टोकं आहेत.

तिसरी पायरी, जोडीदार लंज मारून येतो, तुम्ही जागेवरच. आता एक गोष्ट लक्षात येईल: तो लंजमध्ये इतका जवळ आलेला असतो की तुम्हाला पाऊल टाकावंच लागत नाही, हात पुरतो. नवशिक्या इथे सवयीने लंज मारतो, अंतर संपतं, हात आखडतो आणि टोक पाठीमागे निघून जातं. जागेवर अडवलंत तर रिपोस्ट हाताने.

चौथी पायरी, एक पाऊल मागे घेत पॅरी. पाऊल संपताना पॅरी संपली पाहिजे, आधी नाही. आता जोडीदाराला मागे जाऊ द्या. तो सावरून मागे सरकतो, म्हणून इथे रिपोस्टला लंज लागतो. हात आधी, पाय नंतर. पाय आधी गेला तर तुम्ही त्याला नवा वार करायची सवड देताय.

पाचवी पायरी, हेच सगळं सिक्सने. सिक्स फोरपेक्षा कठीण वाटेल, मनगट बाहेर वळायला तयार नसतं. रिपोस्ट खांद्यावर सरळ जाते. तो हात वर घेत असेल तर काखेखालच्या बरगडीवर.

सहावी पायरी, गोल पॅरी. जोडीदार तुमच्या सिक्सच्या पात्याखालून टोक काढून छातीकडे येतो. तुम्ही फोरला जाण्याऐवजी आपलं टोक त्याच्या पात्याखालून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून त्याचं पातं उचलून परत सिक्सला आणता. वर्तुळ नारळाएवढं नको, लिंबाएवढं हवं. ते बोटांनी होतं, कोपराने नाही.

सातवी पायरी, निवड. जोडीदार फोरकडे येईल की सिक्सकडे, हे तुम्हाला माहीत नाही. आतापर्यंतचं सगळं सोपं होतं असं इथे वाटेल. वेग एकदम निम्मा करा. डोळे पात्यावर खिळवू नका, त्याच्या मुठीच्या आसपास, सैल नजर ठेवा.

आठवी पायरी, साखळी. तो वार करतो, तुम्ही अडवून रिपोस्ट मारता, तो ती अडवून परत मारतो, तुम्ही तीही अडवता. दोनदा, तीनदा, मग सुटेपर्यंत. हे खेळायला फार आनंद होतो, पण आधीच्या पायऱ्या पक्क्या नसताना केलं तर नुसती खडखड होते.

शेवटी पाच गुणांचा सामना, फक्त रिपोस्टने मिळालेला गुण धरायचा. दोघेही वाट बघत बसू नयेत म्हणून एकाने सतत वार करायचे, गुण झाला की उलट.

एका पायरीला किमान एक आठवडा द्या. एका बैठकीत हा सराव वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा लांबवू नका, मनगट थकलं की हात पुन्हा मोठा फिरायला लागतो आणि तीच सवय मुरते.

६. ज्यात सगळे अडकतात

फसव्या वारावर पॅरी. समोरचा हात अर्धाच लांब करतो, तुम्ही फोरला धावता, तो खालून टोक काढून मोकळ्या जागी मारतो. पॅरी उशिरा करायला शिका, वार अंगाशी येईपर्यंत थांबायचा धीर हा सरावानेच येतो. तोवर पाऊल मागे घेणं हेच उत्तर.

पात्याला चिकटून राहणं. अडवल्यावर समोरचं पातं दाबत बसायचा मोह होतो, सुरक्षित वाटतं. दाबून धरलेली पॅरीही असते, पण तिथेही टोक पुढे सरकतच असतं. नुसतं दाबणं म्हणजे रेंगाळणं.

मागे झुकणं. धड मागे गेलं की रिपोस्टला जीव राहत नाही. पाठीमागे कुणीतरी बोट टेकवून उभं केलं तर लगेच कळतं.

मोकळ्या हाताने छाती झाकणं किंवा घाबरून पाठ फिरवणं. या दोन्हीला पिवळं कार्ड आहे. सरावात सवय लागली तर सामन्यात ती हमखास निघते.

डावखुरा जोडीदार मिळाला तर सोडू नका. त्याच्यासमोर सगळ्या बाजू उलट होतात आणि स्पर्धेत डावखुरे भेटतातच.

७. एकट्याने करायचं तर

झाडाला किंवा पडवीच्या वाशाला दोरीने टेनिसचा चेंडू छातीच्या उंचीवर टांगा. झोका द्या, येताना हलक्या फोरने किंवा सिक्सने बाजूला करा आणि त्याच लयीत पलीकडे ठरवलेल्या खुणेवर टोक. चेंडू दूर उडाला तर पॅरी मोठी झाली, तो जेमतेम हलायला हवा.

खुणेसाठी भिंतीवर जाड फोमची गादी लावा. उघड्या चिऱ्याच्या भिंतीवर टोक मारू नका. मी मारलं होतं. पंधरा दिवसांत रबरी बोंडी फाटली, टोकाजवळ पात्याला तिरका बाक आला आणि बोंडीच्या भोकातून लाल माती निघाली. पात्याला सौम्य, एकसारखा बाक चालतो, मध्येच कोन पडला की ते तिथेच तुटतं. तुटलेल्या पात्याचं टोक फार धारदार असतं. कोन पडलेलं पातं त्याच दिवशी बाजूला ठेवा.

८. गोव्याच्या हवेत

जाकीट, प्लास्ट्रॉन, मास्क घालून मे महिन्यात दुपारी सराव करू नका. सकाळी सातच्या आत किंवा दिवे लागल्यावर. पाण्याबरोबर मीठ घातलेलं कोकम सरबत बाटलीत ठेवा. डोकं दुखलं, घाम थांबला, तर मास्क काढून लगेच सावलीत बसा, भिडस्तपणा करू नका.

जून ते सप्टेंबर लाद्यांना ओल सुटते आणि लंज मारताना पुढचा पाय घसरतो. सुरू करण्याआधी कोरड्या फडक्याने जागा पुसा आणि बुटाचा तळवाही. कदंब बसने जात असाल तर फॉइल उघडं नेऊ नका, लांब कापडी पिशवीत टोक खाली करून घ्या, शेजारच्याच्या डोळ्याची काळजी म्हणून.

आणि पातं. पावसात एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके धरतात, बहुतेक वेळा नेमके तुमच्या बोटांच्या ठशांच्या जागी. घरी आलात की आधी कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब मुठीपासून टोकापर्यंत. ठिपके धरलेच तर बारीक पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवा, आडवा नको. ओलं जाकीट आणि फॉइल एकाच पिशवीत रात्रभर ठेवू नका. मास्क उलटा करून पंख्याखाली ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी घालण्याआधी आतल्या अस्तराला बुरशीचा वास येत नाही ना ते एकदा बघून घ्या.